विश्लेषण : फोटोत फेरफार झालाय हे कसं ओळखतात? आणि खोडलेला भाग परत मिळतो का?

ग्रुपवर फोटो येतो. दोन मिनिटांत कुणीतरी लिहितं, ‘एडिटेड आहे’. पाठोपाठ तिसरा एखाद्या वेबसाइटवरून काढलेलं काळं-निळं, ठिपक्याठिपक्यांचं चित्र टाकतो आणि जाहीर करतो, ‘हा घ्या पुरावा’. प्रचारातला फोटो असो, सोसायटीच्या पार्किंगचं भांडण असो की अपघातानंतरचा विम्याचा दावा, वाद त्या काळ्या-निळ्या चित्रापाशी येऊन थांबतो. ते चित्र नेमकं काय सांगतं? फेरफार खरोखर कुठे सापडतो? आणि सापडलाच, तर खोडलेला मूळ भाग परत आणता येतो का? यासाठी आधी तुमच्या फोनमधली फोटोची फाइल आतून कशी असते ते पाहावं लागेल.

‘पुरावा’ म्हणून फिरणारं ते काळं चित्र काय असतं?

या पद्धतीचं नाव ‘एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस’, थोडक्यात ईएलए. अमेरिकी सुरक्षा-संशोधक नील क्रावेट्झ यांनी २००७ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत ती मांडली. कृती अगदी सोपी आहे. फोटो पुन्हा एकदा ठरावीक दर्जाने, समजा ९५ टक्क्यांनी, सेव्ह करायचा. मग आधीची फाइल आणि ही नवी फाइल यांच्यातला फरक काढायचा आणि तो डोळ्यांना दिसेल इतका वाढवून दाखवायचा. जो भाग आधी अनेकदा कॉम्प्रेस झालाय तो आता फारसा बदलणार नाही, म्हणून काळा दिसेल. बाहेरून आणून चिकटवलेला भाग जास्त बदलेल, म्हणून चमकेल. निदान अपेक्षा तशी असते.

प्रत्यक्षात बॅनरवरची ठळक अक्षरं, साडीचा नक्षीदार काठ, झाडाची पानं, आभाळासमोरची इमारतीची कड, हे सगळं कुणीही हात न लावलेल्या फोटोतही चमकतं. कारण जिथे बारकावे जास्त, तिथे कॉम्प्रेशनमुळे होणारा फरकही जास्त. उलट संपूर्ण फोटो एडिट करून तीन-चार वेळा सेव्ह केला, तर चिकटवलेला भागही बाकीच्यासारखाच काळा पडतो.

हा निव्वळ तांत्रिक आक्षेप नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्वीडनचे छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या फोटोला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अरुंद गल्ली, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली दोन लहान मुलं, आणि त्यांना उचलून नेणारे पुरुष. मे महिन्यात क्रावेट्झ यांनी दावा केला, की हा फोटो एकाहून अधिक फोटो जोडून बनवलाय. त्यांच्या मांडणीत ईएलए होतं, फाइलमधल्या एडिटिंगच्या नोंदी होत्या आणि सावल्यांचा हिशेबही होता. जगभर बातम्या झाल्या. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने स्वतंत्र तज्ज्ञ बसवले. डिजिटल फोटोंच्या न्यायवैद्यक तपासातलं मोठं नाव असलेले हॅनी फरीद त्यांत होते. त्यांनी कॅमेऱ्यातून निघालेली मूळ रॉ फाइल मागवून पाहिली. निष्कर्ष असा निघाला, की काही ठिकाणी रंग आणि उजेड-सावली बदललेली आहे, पण फोटो जोडलेला नाही. मुलं तिथेच होती, माणसंही तिथेच होती. मेलेल्या मुलांच्या फोटोला काही दिवस जगाने ‘बनावट’ म्हटलं. फेरफाराचा खोटा आरोप किती महाग पडू शकतो, याचं हे उदाहरण.

फोटो ‘कॉम्प्रेस’ होतो म्हणजे काय होतं?

१२ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा एकेक आकडा धरला तर फाइल साधारण ३६ एमबीची व्हायला हवी. गॅलरीत मात्र ती तीन-चार एमबीचीच दिसते. बाकीचं गेलं कुठे?

ते काम जेपीईजी करतं. बोलताना आपण त्याला ‘जेपेग’ म्हणतो. १९९२ मध्ये ठरलेलं हे मानक आजही बहुतेक फोटोंखाली उभं आहे. आधी चित्राचा उजेड आणि रंग वेगळे केले जातात. रंगातले बारकावे आपल्या डोळ्यांना कमी जाणवतात, म्हणून रंगाची माहिती बहुतेकदा तिथेच पातळ होते. मग चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. कपडे इस्त्री करून घड्या घालाव्यात तसा प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे आवळला जातो.

आवळण्याआधी प्रत्येक चौकोनातले ६४ ठिपके ६४ ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणात मांडले जातात. सपाट नक्षी किती, आडव्या पट्ट्या किती, बारीक जाळी किती, असे ६४ आकडे मिळतात. या गणिताचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी. ते मांडणारे नासिर अहमद मूळचे बेंगळुरूचे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. त्याआधी १९७२ मध्ये याच कल्पनेसाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे मागितलेला निधी नाकारला गेला होता. सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरासाठी डीसीटीचं सूत्र घोकणाऱ्या आमच्यासारख्या इंजिनीअरिंगच्या पोरांना ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

आता खरी काटछाट. मिळालेला प्रत्येक आकडा एका ठरावीक पायरीवर ‘राउंड फिगर’ केला जातो. पायरी १० ची असेल तर ४७ चे ५० होतात, ४३ चे ४० होतात आणि ४ चा थेट शून्य. बारीक नक्ष्यांसाठी पायऱ्या मोठ्या असतात, म्हणून तिथले बहुतेक आकडे शून्यच होतात. शून्यांची लांबलचक रांग थोड्या जागेत लिहिता येते. जागा वाचते ती इथे. पण ५० पाहून मूळ आकडा ४७ होता की ५२, हे आता कुणीही सांगू शकत नाही. ती माहिती गेली ती गेलीच.

तपास करणाऱ्याच्या हाती येतो तो हाच गोल केलेला हिशेब.

दोनदा सेव्ह केल्याची खूण कशी राहते?

एक छोटं गणित करू. फोनने फोटो काढताना एका नक्षीसाठी ५ ची पायरी वापरली. म्हणजे फाइलमधले आकडे ०, ५, १०, १५, २०, २५, ३० असेच असणार. कुणीतरी फोटो एडिटरमध्ये उघडला, काहीतरी बदललं आणि सेव्ह केला. एडिटरने ३ ची पायरी वापरली. आता प्रत्येक आकड्याला ३ ने भागून जवळचा पूर्णांक घ्या. ० चा ०, ५ चा २, १० चा ३, १५ चा ५, २० चा ७, २५ चा ८ आणि ३० चा १०.

आलेली रांग पुन्हा वाचा : ०, २, ३, ५, ७, ८, १०. त्यात १ नाही, ४ नाही, ६ नाही, ९ नाही. फोटो एकदाच ३ च्या पायरीने सेव्ह झाला असता तर सगळे आकडे कमी-जास्त प्रमाणात दिसले असते. हजारो चौकोनांमधले आकडे मोजून आलेख काढला, की विंचरताना तुटलेल्या कंगव्यासारखा तो दिसतो. ठरावीक अंतरावर दात गायब. डोळ्यांना फोटो अगदी स्वच्छ दिसत असला तरी ही फणी खोटं बोलत नाही.

पण एवढ्याने फेरफार सिद्ध होत नाही. ‘दोनदा सेव्ह झालाय’ एवढंच कळतं. फोटो उजळ केला, कापला, कुणाला फॉरवर्ड केला, तरी तो दोनदा सेव्ह होतो. संशय बळावतो तो फोटोच्या एका भागात तुटलेली फणी आणि दुसऱ्या भागात सलग फणी दिसली तर. गर्दीचा फोटो दोनदा सेव्ह झालेला आणि त्यातला एक माणूस मात्र एकदाच, असं कसं होईल?

त्यात चौकोनांची जाळी मदतीला येते. दुसऱ्या फोटोतून कापून आणलेल्या तुकड्याची स्वतःची ८ बाय ८ ची जाळी असते. नव्या जागी तो चिकटवताना दोन्ही जाळ्या तंतोतंत जुळायला हव्यात. आडव्या आठ आणि उभ्या आठ जागा, म्हणजे ६४ शक्यता. त्यांतली जुळणारी एकच. नजरेने चिकटवणाऱ्याला ती साधण्याचं काही कारण नसतं. फरशी बसवलेल्या घरात एका खोलीतल्या फरशीच्या रेषा बाहेरच्या खोलीशी अर्ध्या इंचाने चुकलेल्या असाव्यात, तसं हे.

हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये ‘जेपीईजी घोस्ट’ नावाची पद्धत मांडली. संशयित फोटो वेगवेगळ्या दर्जांनी पुन्हा पुन्हा सेव्ह करून पाहायचा. चिकटवलेला तुकडा पूर्वी ज्या दर्जाने सेव्ह झाला होता, नेमक्या त्या दर्जाला पोचलं की तेवढ्याच भागातला फरक खाली उतरतो आणि तो तुकडा भुतासारखा वेगळा उठून दिसतो. ईएलएशी तिचं नातं आहे, पण ती एका चित्रावर निकाल देत नाही. अलीकडे हेच काम यंत्रांना शिकवलं जातंय. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेलं ‘कॅट-नेट’ ठिपक्यांसोबत थेट हे गोल केलेले डीसीटीचे आकडेही वाचतं.

त्याच फोटोतला तुकडा उचलून दुसरीकडे लावला तर?

मग जाळी सोडून पुनरावृत्ती शोधावी लागते. जुलै २००८ मध्ये इराणच्या रिव्होल्युशनरी गार्ड्सच्या ‘सेपाह न्यूज’ने क्षेपणास्त्र चाचणीचा फोटो दिला. चार क्षेपणास्त्रं एकदम आकाशात झेपावताना. एएफपीने तो वितरित केला आणि अनेक मोठ्या दैनिकांनी पहिल्या पानावर छापला. नंतर त्याच ठिकाणचा दुसरा फोटो समोर आला. त्यात उडालेली क्षेपणास्त्रं तीनच होती. चौथ्याचा धूर आणि खालची धूळ शेजारच्या क्षेपणास्त्रांवरून उचललेली होती. एएफपीने फोटो मागे घेतला. त्याआधी ऑगस्ट २००६ मध्ये रॉयटर्सच्या बैरूतच्या फोटोत धुराचे लोट असेच शिक्का मारल्यासारखे वाढवलेले सापडले होते. एजन्सीने त्या फ्रीलान्स छायाचित्रकाराचे सगळे ९२० फोटो संग्रहातून काढून टाकले.

ही दोन्ही प्रकरणं माणसांच्या नजरेने पकडली. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजकन्या केट यांचा मुलांसोबतचा फोटो बड्या वृत्तसंस्थांनी मागे घेतला, तोही शार्लटच्या स्वेटरची बाही नीट जुळत नव्हती म्हणून. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराची पाहणी करणाऱ्या पंतप्रधानांचा फोटो पत्र सूचना कार्यालयाने ट्वीट केला. विमानाच्या खिडकीत दुसराच फोटो बसवलेला होता, हे लोकांनी लगेच ओळखलं. कार्यालयाला तो हटवून दोन फोटो एकत्र केल्याचं मान्य करावं लागलं. सॉफ्टवेअर शोधतं ते याच गोष्टी, फक्त न थकता. फोटोतल्या प्रत्येक लहान चौकोनाचा ठसा काढायचा, सगळे ठसे क्रमाने लावायचे आणि एकमेकांपासून सारख्याच अंतरावर असलेल्या जुळ्यांचा घोळका सापडतो का ते पाहायचं. एखाददुसरी जोडी निळ्या आकाशातही सापडते. शंभर जोड्या एकाच दिशेने, एकाच अंतरावर सापडल्या तर तो योगायोग नसतो.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो तपासता येतो का?

खरं सांगायचं तर फारसा नाही. फोटो म्हणून पाठवलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅप लहान करतं, पुन्हा कॉम्प्रेस करतं आणि तिच्यातल्या कॅमेरा, वेळ, ठिकाण अशा नोंदी काढून टाकतं. आकार बदलला की जुनी ८ बाय ८ ची जाळी विस्कटते. वर नवी, बहुधा आधीपेक्षा मोठी पायरी येते. वरच्या उदाहरणात पायऱ्यांचा क्रम उलटा केला, आधी ३ आणि मग ५, तर रांगेतले आकडे गायब होत नाहीत. काही जरा जास्त भरतात, काही कमी. खूण उरते, पण पुसट. पाच ग्रुप फिरून आलेल्या फोटोत ती शोधणं म्हणजे धुतलेल्या पाटीवरचं वाचणं.

म्हणून अशा फोटोवर कुठल्याही वेबसाइटने ‘फेरफार आढळला नाही’ म्हटलं, तरी त्याचा अर्थ फोटो खरा आहे असा होत नाही. पुरावा शिल्लक नाही, एवढाच होतो. फोटो पुढे पुरावा म्हणून लागणार असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. पेमेंटच्या स्क्रीनशॉटचं तर विचारूच नका. ते चित्र कुठल्याही कॅमेऱ्यातून आलेलं नसतं. तिथे खात्यात पैसे आलेत का ते पाहणं, हीच एक तपासणी.

जाता जाता एक विचित्र किस्सा. फेरफार करणारा नेहमी माणूसच असतो असं नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं कागद स्कॅन करताना आकडेच बदलत होती. एका घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती. प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ चौरस मीटरच्या झाल्या. दोषी होतं कॉम्प्रेशन. हे जेपीईजी नव्हे, जेबीआयजी२. त्यात सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून जागोजागी वापरले जातात. यंत्राने वेगवेगळे आकडे ‘सारखेच’ समजून एकाच्या जागी दुसरा बसवला. प्रत धूसर नव्हती, उलट सुबक होती. कंपनीला त्यासाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती द्यावी लागली. बँकेत, तहसीलमध्ये, इस्पितळात स्कॅन झालेल्या कागदांचा विचार केला की हा किस्सा गमतीचा वाटेनासा होतो.

खोडलेला भाग परत कसा आणतात?

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. फोटोतून जे खरोखर पुसलं गेलंय ते त्या फोटोतून हवेतून परत येत नाही. परत यायचं तर त्याची नक्कल आधीपासून कुठेतरी लपवलेली हवी. आजारी पडल्यावर लस घेऊन उपयोग नसतो, तसंच.

ही लस कशी असते? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या जेसिका फ्रिड्रिच आणि मिरोस्लाव गोलियन यांनी एक युक्ती मांडली. ठिपक्याचा उजेड ० ते २५५ मध्ये मोजतात. २०० चा २०१ केला तर डोळ्याला काहीच कळत नाही. म्हणजे प्रत्येक ठिपक्यातला शेवटचा बिट मोकळाच आहे असं समजा. एका चौकोनात ६४ ठिपके, म्हणजे ६४ मोकळे बिट. या जागेत दुसऱ्या, दूरच्या चौकोनाची कॉम्प्रेस केलेली छोटी नक्कल भरायची. डावीकडच्या चेहऱ्याची नक्कल उजवीकडच्या झाडात, झाडाची नक्कल खालच्या रस्त्यात, असं गुप्त किल्लीनुसार सगळ्या फोटोभर पसरवायचं. फोटो दिसायला तसाच राहतो, पण पोटात स्वतःचीच एक धूसर प्रत बाळगतो.

कुणी चेहरा बदलला, की तिथला चौकोन आणि झाडात लपवलेली त्याची नक्कल जुळत नाहीत. फेरफार चेहऱ्यात झाला की झाडात, हेही कळू शकतं. झाड बदललं असेल तर झाडाची रस्त्यात ठेवलेली नक्कलही चुकेल. एकदा गुन्हेगार चौकोन ठरला, की तिथे नक्कल बसवायची. मूळ चौकोन ५१२ बिटांचा, नक्कल ६४ बिटांची. म्हणजे परत मिळतो तो भाग मूळच्या एक अष्टमांश माहितीवर उभा असतो. गाडी होती, पांढरी होती, कुठे उभी होती हे कळेल. नंबर प्लेटवरचा आकडा ३ होता की ८, याची खात्री त्यातून मिळणार नाही.

अडचण आणखी मोठी आहे. फोटो जेपीईजीमध्ये सेव्ह केला, की तो शेवटचा बिट सगळ्यात आधी मरतो. २०१ चा २०० होणं ही जेपीईजीसाठी किरकोळ बाब. म्हणजे कुणी फेरफार केलाच नाही, साधा फोटो पाठवला, तरी सगळा फोटो ‘बिघडलेला’ दिसणार. कॉम्प्रेस होणाऱ्या फोटोंसाठी अशी खूण हवी जी कॉम्प्रेशन सहन करेल, पण फेरफार नाही. दोन्हींतही बदल होतात. एक माफ करायचा आणि दुसरा पकडायचा.

कोलंबिया विद्यापीठातल्या चिंग-युंग लिन आणि शिह-फू चांग यांनी साधारण २००० च्या सुमारास यावर काढलेला मार्ग मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी जेपीईजीच्याच स्वभावातल्या दोन गोष्टी हेरल्या.

पहिली अशी. दोन चौकोनांमधली एकाच नक्षीची संख्या घ्या, समजा ३७ आणि २२. पायरी १० असेल तर त्यांचे ४० आणि २० होतात. पायरी ५० असेल तर ५० आणि ०. पायरी १०० असेल तर दोन्ही शून्य. अंतर वाढेल, घटेल, संपेलही, पण लहान आकडा मोठ्याच्या पुढे कधीच जाणार नाही. दोघांना एकच पायरी लागते, त्यामुळे क्रम उलटत नाही. गुप्त किल्लीने चौकोनांच्या जोड्या ठरवायच्या आणि प्रत्येक जोडीत मोठा कोण ते नोंदवून ठेवायचं. पुढे कुठल्या जोडीत क्रम स्पष्टपणे उलटलेला दिसला, तर ते काम कॉम्प्रेशनचं नाही, माणसाचं आहे.

दुसरी गोष्ट, ही नोंद लपवायची कुठे. एखादा आकडा मुद्दाम १६ च्या पटीत आणा, समजा ४८. नंतर कुणी १० च्या पायरीने फोटो कॉम्प्रेस केला तर ४८ चे ५० होतील. वाचताना १६ ची जवळची पट शोधा, पुन्हा ४८ मिळतात. पुढची पायरी १६ पेक्षा लहान आहे तोवर ही खूण टिकते. कुणी त्याहून जास्त आवळलं तर मोडते. म्हणजे किती कॉम्प्रेशन माफ करायचं हे आधीच ठरवता येतं. याच आधारावर त्यांनी ‘सारी’ नावाची व्यवस्था उभी केली. ती फेरफाराची जागा दाखवते आणि आत लपवलेल्या माहितीतून तो भाग ढोबळमानाने भरून काढते.

मर्यादा याही पद्धतीला आहे. फोटोचा अर्धा भाग बदलला गेला तर त्या भागाच्या साधारण निम्म्या नकलाही त्याच भागात असणार, म्हणजे त्याही गेल्या. पुढच्या संशोधकांनी प्रत्येक चौकोनाची नक्कल एकाच ठिकाणी न ठेवता सगळ्या फोटोत वाटून टाकण्याचे मार्ग काढले. शेवटी हिशेब एकच राहतो. जितकं जास्त परत हवं तितकं जास्त लपवायला हवं, आणि जितकं जास्त लपवावं तितका फोटोचा दर्जा घसरतो.

एआयने फोटो ‘रिस्टोअर’ केला तर चालेल ना?

आजोबांच्या जुन्या फोटोवरची भेग भरायला चालेल. या तंत्राला ‘इनपेंटिंग’ म्हणतात. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या कलाकारांचा हा शब्द २००० साली संगणकाच्या जगात रुळला. तेव्हा भोवतालचे रंग आणि रेषा आत ओढून भोक बुजवलं जायचं. आता लाखो फोटो पाहिलेलं मॉडेल तिथे काय असू शकेल याचा अंदाज करून ते रंगवतं.

‘काय असू शकेल’ आणि ‘काय होतं’ यांत फरक आहे. सीसीटीव्हीतला धूसर चेहरा एआयने स्पष्ट केला, तर दिसतो तो शक्य असलेल्या अनेक चेहऱ्यांपैकी एक. तो त्याच माणसाचा असेल याची हमी नाही. नंबर प्लेट स्पष्ट केली तर आकडे सुबक येतील, खरे असतील असं नाही. माझ्या मते याला दुरुस्ती म्हणूच नये. तो दुसरा फेरफार आहे, फक्त चांगल्या हेतूने केलेला. मार्च २०२३ मध्ये एका रेडिट वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि दुरून सॅमसंगच्या फोनने टिपला. फोनने त्यात खड्डे आणि डाग भरून दिले, जे पडद्यावर नव्हतेच. फोन चंद्र ओळखून बारकावे वाढवतो, असं स्पष्टीकरण कंपनीने दिलं.

कोर्टात काय लागतं?

कायदा ठिपक्यांपेक्षा फाइल कुठून आली याला जास्त महत्त्व देतो. या विषयावरचा देशातला मोठा निकाल जालन्यातून निघालेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा आरोप होता आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी या प्रकरणात स्पष्ट केलं, की मूळ उपकरणच समोर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तेव्हाच्या कलम ६५ बी खालचं प्रमाणपत्र आवश्यक आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ६३ मध्ये आलंय. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक फाइल सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या प्रत्येक बिटावरून काढलेला ठसा. एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. त्यामुळे मूळ फोटो आणि फॉरवर्ड होऊन आलेला तोच फोटो यांचे हॅश सहसा जुळत नाहीत, मग दिसायला दोन्ही कितीही सारखे असोत. फोटो काढलेला फोन फॉरमॅट करणं, गॅलरी रिकामी करणं, एडिट करून मूळ फाइलवरच सेव्ह करणं यांचा फटका इथे बसतो.

कॅमेऱ्यानेच फोटोवर डिजिटल सही करावी, हा प्रयत्नही नवा नाही. कॅनन आणि निकॉन यांच्या महागड्या कॅमेऱ्यांत अशी सोय होती. रशियातल्या एल्कॉमसॉफ्ट कंपनीने २०१० मध्ये पहिलीची आणि २०११ मध्ये दुसरीची गुप्त किल्ली काढून दाखवली आणि सही असलेले बनावट फोटो तयार केले. आता अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल वगैरेंनी २०२१ मध्ये सुरू केलेलं ‘सीटूपीए’ हे मानक पुढे येतंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये लाइकाच्या एम११-पी कॅमेऱ्यात ते पहिल्यांदा थेट बसवलं गेलं, आणि आता काही फोनमध्येही येऊ लागलंय. त्यात फोटो कुठल्या उपकरणाने काढला आणि नंतर कुठल्या सॉफ्टवेअरने काय केलं, याची सही केलेली नोंद फाइलसोबत राहते. नोंद नसलेला फोटो खोटा ठरत नाही, आणि नोंद असलेला फोटो कुठल्या प्रसंगाचा म्हणून फिरवला जातोय यावरही ती काही बोलत नाही. शिवाय ही सही फाइलच्या मूळ बिटांशी बांधलेली असते. वाटेत एखाद्या अ‍ॅपने फोटो पुन्हा कॉम्प्रेस केला आणि स्वतःची नोंद जोडली नाही, तर ती जुळत नाही.